हो म्हटलं की भडकणारे एलिझरकाका

आमच्या एलिझरकाकांना कुणी 'बरोबर आहे' म्हटलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोकांना विरोध सहन होत नाही, यांना होकार सहन होत नाही. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या टाउनहाउसच्या भिंतीला भिंत लावून राहतात, त्यामुळे हा ताप माझ्याच वाट्याला आलाय.

काका बेने इस्रायल. ज्यू, पण मूळचे अलिबागकडचे, म्हणून भांडण चोख मराठीत. त्यांच्यात धर्मशास्त्र एकट्याने वाचत नाहीत, जोडीने वाचतात. एकाने अर्थ सांगायचा, दुसऱ्याने तो खोडायचा. जुने रब्बी, म्हणजे त्यांचे शास्त्री, म्हणे असेच भांडले आणि हरलेल्याचं मतसुद्धा त्यांनी जपून ठेवलं. फ्लोराकाकू गेल्यापासून काकांना जोडीदार नाही. म्हणून दर रविवारी पोथी घेऊन ते माझ्या किचनमध्ये. मी सत्यनारायणाची कथासुद्धा कधी धड ऐकलेली नाही.

"करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, एवढंच वाक्य. त्यावरून रब्बींनी मटण आणि दही एकत्र खाणंच बंद केलं. का?"

"असेल काही कारण, काका."

"असेल? डोकं चालवायला तुला बंदी आहे काय?"

इकडे माझी कणीक परातीत सुकत असते.

गेल्या रविवारी मात्र माझंही डोकं फिरलं. वाक्य होतं, सारा वारली आणि तिचा नवरा अब्राहाम शोक करायला आला.

"आला, म्हणजे कुठून?" काकांनी टेबलावर मूठ आपटली. "बायको मरताना हा घरी नव्हता. रब्बी सांगतात, देवाच्या कामाला डोंगरावर गेला होता. मी म्हणतो, चूक त्याचीच. तिच्याजवळ बसायला हवं होतं."

"बरोबर आहे."

"सगळे हेच म्हणतात. माझा मुलगासुद्धा. एक माणूस विरोध करत नाही."

त्यांचा आवाज फाटला, तेव्हा मला उमगलं. काकूंनी हॉस्पिटलात प्राण सोडला, त्या सकाळी काका सिनेगॉगमध्ये कुठल्याशा शब्दावरून वाद घालत बसले होते. काकूंजवळ मी होते. त्या सकाळबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं आणि आपण होऊन विषय काढायची माझी हिंमत झाली नव्हती.

मला असा संताप आला. हा माणूस अब्राहामाच्या नावाने स्वतःलाच फासावर चढवत होता आणि मी मुकाट्याने मान डोलावत होते.

"साफ चूक," मी म्हणाले. "सारानेच त्याला जाऊ दिलं असेल."

"आधार?" काका गुरगुरले. "आधाराशिवाय अर्थ लावायचा नाही."

"आधार मी. मी तुम्हाला फोन लावत होते, तर काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'नको बोलावूस त्याला. तिथे चार माणसांशी भांडतोय, म्हणजे आत्ता सुखात आहे. इथे आला तर नुसता रडेल.'"

काकांनी पोथी मिटली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश."