तुमचं बरोबर आहे

"आज तोंडातून राजकारणाचा एक शब्द काढणार नाही," असं कातळकाकांनी बुटाची नाडी बांधता बांधता कबूल केलं आणि दिवसभर ते पाळलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यात त्यांच्या तोंडाचा काही दोष नव्हता.

कबुली घेणारी त्यांची मुलगी पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती. "बाबा, उद्या लग्नाची तारीख ठरायची आहे. मावशी चार वर्षं आपल्याकडे का येत नाही, आठवतंय ना?"

"सुरुवात तिच्या नवऱ्याने केली होती."

"पण टेबलावरचं भांडं तुम्ही आपटलं होतंत," आतून बायकोचा आवाज आला. "आणि मी म्हणते, होणाऱ्या व्याह्यांना डोंगरावर न्यायचं अडलं होतं का? चहाला बोलवा, बिस्किटं द्या, पाठवा घरी."

"त्यांना चालायची आवड आहे," कातळकाका म्हणाले. "आणि आपल्याला डोंगर माहीत आहेत."

हे दुसरं वाक्य तपासून घेण्यासारखं होतं. कातळकाका पाणीपट्टीच्या कचेरीत वसुली विभागाचे हेडक्लार्क होते. मुलगी रांगत होती तेव्हा त्यांनी डोंगर सोडला, म्हणजे पायांनी सोडला. तेव्हापासूनचं त्यांचं सगळं गिर्यारोहण खुर्चीत बसून, दोन फायलींच्या मधल्या वेळात, 'उभे कडे' नावाच्या ऑनलाइन ग्रुपवर चाले. तिथे सगळेच टोपणनावाने वावरत आणि 'कातळकाका' या नावाचा तिथे मोठा दरारा होता. एखाद्या नवख्याने "अमुक डोंगराची वाट कशी आहे?" असं विचारायचा अवकाश, कातळकाकांचं उत्तर तयार असे: "आधी जुने मेसेज वाचा." इतकं कमी बोलणाऱ्या माणसाला खूपच माहीत असणार, असं लोकांनी गृहीत धरलं होतं. काकांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता.

ग्रुपवर त्यांना एकच माणूस जुमानत नसे. त्याचं नाव 'उलटा वारा'. विषय दोराच्या गाठीचा असो की बुटाच्या तळव्याचा, तिसऱ्या मेसेजला सरकार निघायचंच. काका आत्ताच्या सरकारच्या बाजूचे, उलटा वारा आधीच्या. चार मुद्दे मांडून, काकांची सालटी काढून, तो शेवटी 'असो' असं लिहायचा. त्या 'असो'ने काकांची झोप उडत असे. मुद्द्यांना उत्तर देता येतं, 'असो'ला काय देणार?

व्याही मात्र अगदी मऊ माणूस निघाले. गणिताचे निवृत्त मास्तर, बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. डोंगराच्या मधोमध एका उभ्या टप्प्याला लोखंडी शिडी होती आणि शिडीशेजारी एका मंत्र्याच्या नावाची भली मोठी पाटी. दोघांनी ती पाटी वाचली. दोघे एकदम खाकरले.

"हवा छान आहे," व्याही म्हणाले.

"फारच छान," कातळकाका म्हणाले आणि दात आवळून शिडी चढले.

माथ्यावर उकडलेली अंडी खाऊन झाली, फोटो काढून झाले. उतरताना काकांना एकाएकी जवळची वाट आठवली. "माझ्या मागून या, व्याही. इथे मी डोळे मिटून उतरतो." वाट ज्या तऱ्हेने निघाली त्यावरून ते खरोखरच डोळे मिटून उतरत असावेत. अर्ध्या तासाने दोघे एका सपाट कातळावर पोचले आणि तिथे वाटेला दोन फाटे फुटले. एक खाली घळीत शिरत होता, दुसरा सोंडेवरून पुढे जात होता. यातला एक गाडीरस्त्याला लागतो आणि दुसरा कड्यावर संपतो, इतकं काकांना पक्कं आठवत होतं. कुठला कुठे, एवढंच आठवत नव्हतं.

"जरा बसू या का?" काका म्हणाले. "इथून देखावा चांगला दिसतो."

समोर एक झुडूप होतं. व्याही तक्रार न करता बसले आणि फोन काढून पाठमोरे झाले. नशिबाने त्या कातळावर रेंज होती.

आता सरळ विचारायचं, तर कातळकाका वाट चुकले ही बातमी ग्रुपवर वर्षभर पुरली असती. मागे फिरायचं, तर व्याह्यांपुढे चूक कबूल करावी लागली असती. आणि उद्या तारीख ठरायची होती. काकांनी मधला मार्ग काढला आणि ग्रुपवर लिहिलं: "नवख्यांसाठी प्रश्न. शिडीच्या खालच्या कातळावर दोन फाटे आहेत. कोणता धराल? कारण द्या."

ग्रुपला परीक्षा म्हटल्यावर उधाण आलं. "घळ." "सोंड." "काका गंमत करतायत, दोन्ही नाही." "घळीत माझ्या मेव्हण्याचा पाय मोडला होता, पण घळ चांगली आहे." "काका, बरोबर उत्तराला बक्षीस काय?" कोणी हवामान विचारलं, कोणी एका सूर्यास्ताचा फोटो टाकला. मग उलटा वारा आला.

"वाटेचं राहू द्या. ती शिडी लावली आधीच्या सरकारने. आत्ताच्यांनी फक्त पाटी लावली. पाटी शिडीपेक्षा मजबूत आहे. असो."

काकांच्या फोनची बॅटरी तेव्हा निम्मी होती. शहाण्या माणसाने ती वाटेसाठी राखून ठेवली असती. काकांनी अंगठे चालवायला घेतले. शिडी मंजूर कुणी केली, लोखंड कुणी आणलं, गंज कुणाच्या काळात चढला, सगळं त्यांनी लिहून काढलं. तिकडूनही तसंच येत राहिलं. बाकीची मंडळी दोन्हीकडे वाटली गेली आणि घळ व सोंड यांना कोणी वाली उरला नाही. मुलीला दिलेला शब्द मात्र मोडला नव्हता. तोंड बंदच होतं.

"काही विशेष?" मध्येच व्याह्यांनी मान न वळवता विचारलं.

"कचेरीचं काम. तुमचं?"

"जुन्या विद्यार्थ्यांच्या शंका," व्याही म्हणाले आणि पुन्हा टाइप करू लागले.

ऊन कलायला लागलं तेव्हा उलट्या वाऱ्याने लिहिलं: "माझी बॅटरी संपत आली. नाहीतर आज तुमची उरलीसुरली शिडीही काढून घेतली असती. असो." पळाला लेकाचा, असं काका मनात म्हणतात तोच व्याही संकोचत जवळ आले.

"तुमच्याकडे ते चार्जिंगचं काही आहे का हो? घरी कळवावं म्हणतो."

काकांनी पिशवीतून आपली पॉवर बँक काढून दिली. व्याह्यापुढे मन मोठं असावं लागतं. व्याही परत जागेवर जाऊन पाठमोरे झाले. दोन मिनिटांत ग्रुपवर मेसेज झळकला.

"एका देवमाणसाने वीज दिली आहे. हं, तर मुद्दा पहिला."

काका त्या वाक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी व्याह्यांच्या पाठीकडे बघितलं. पाठ आनंदाने हलत होती. मुद्दा दुसरा आला, मुद्दा तिसरा आला, आणि सगळे काकांच्याच विजेवर.

या माणसाला चार वर्षांत आपण काय काय म्हटलं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यातलं सगळ्यात सौम्य म्हणजे 'बिनडोक'. आज ना उद्या हे उघड होणार. मग मावशीसारखी व्याह्यांकडची वाट बंद, आणि या वेळी त्या घरात पोटची पोर असणार. इकडे बॅटरी दोन टक्के उरलेली. आणि नेमकं आजच आयुष्यातलं सगळ्यात झणझणीत उत्तर लिहून तयार होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं.

त्यांनी ते उत्तर एकेक अक्षर करून पुसलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, अगदी पोटातून. मग लिहिलं: "उलटा वारा, तुमचं बरोबर आहे. शिडी आधीच्याच सरकारची." पाठवलं आणि फोन मेला.

व्याही ताडकन उठले.

"अहो! अहो, घात झाला!" त्यांचा मऊ आवाज पार चिरकला. "एक माणूस इथेच कुठेतरी पडलाय!"

"कोण माणूस?"

"आमच्या ग्रुपवरचा. कातळकाका म्हणून आहे. महा हट्टी! तो 'तुमचं बरोबर आहे' म्हणतोय, आणि आता काही उत्तरही देत नाही. हे बघा, सगळे काय लिहितायत. 'डोक्याला मार लागला असणार.' 'फोन चोराने पळवला का?' 'चोर इतका पडखाऊ नसतो.' 'दुपारी तो फाट्याचं विचारत होता, म्हणजे तिथेच अडकलाय.' सहाजण दोर घेऊन निघालेसुद्धा!"

दुपारभर वाट विचारून जे झालं नव्हतं, ते एका माघारीने झालं. काकांना ग्रुपबद्दल पहिल्यांदाच उमाळा आला. पण व्याही कातळाच्या कडेला गेले होते आणि घळीत वाकून हाका मारत होते. "कातळकाकाऽऽ! घाबरू नका! मी उलटा वाराऽऽ!"

"व्याही, मागे या आधी."

"चार वर्षं भांडतोय मी त्याच्याशी. घरात मला असं कोणी मनापासून बोलत नाही. त्याला काही झालं तर मी..." व्याह्यांचे डोळे भरून आले होते. ते आणखी वाकले.

"व्याही, तो मीच!"

हाक घळीत तशीच विरली. व्याही हळूहळू वळले.

"बिनडोक मला तुम्ही म्हणालात?"

"मला काय कल्पना! आणि आज राजकारण काढणार नाही, असं मुलीला कबूल केलं होतं."

"मलाही मुलाने शपथ घातली होती," व्याही म्हणाले. मग त्यांचा चेहरा कठोर झाला. वर्गातल्या मागच्या बाकावर चोरून केलेली बेरीज सापडावी तसा. "म्हणजे मघाशी 'तुमचं बरोबर आहे' म्हणालात, ते पटलं म्हणून नाही. मुलीसाठी."

काका खाली बघून म्हणाले, "हो."

"मग ते मी धरत नाही. मुलगी आमची झाली, ते ठरलं. तारीख उद्या काढू. पण ही असली फुकटची जीत मला नको. मागे घ्या."

"फोन मेलाय."

"ही घ्या तुमची पॉवर बँक. आहे अजून थोडी."

फोन जिवंत होताच काकांनी लिहिलं: "माघार रद्द. उलटा वारा बिनडोक आहे. शिडी आत्ताच्याच सरकारची." व्याही शेजारीच बसून "वा, वा!" म्हणत वाचत होते. ग्रुपवर आनंदाला भरतं आलं. "काका सुखरूप!" "शुद्धीवर आले!" "अर्ध्या रस्त्यातून परत फिरतोय, काळजी मिटली." सहाच्या सहाजण दोर घेऊन आपापल्या घरी गेले.

"फिरू नका, आम्ही खरंच अडकलोय," असं काकांनी घाईघाईने लिहिलं. त्यावर तेवीस जणांनी हसून लोटपोट झाल्याची चित्रं पाठवली.

"आता हो?" व्याह्यांनी विचारलं. मग त्यांना काहीतरी सुचलं. "थांबा, जुने मेसेज बघतो. या फाट्याचं आधी कोणीतरी विचारलं असेलच."

"विचारलंय," काका क्षीण आवाजात म्हणाले.

व्याह्यांनी शोधलं. प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता, दर वर्षी कोणी ना कोणी. प्रत्येक प्रश्नाखाली एकच उत्तर होतं, कातळकाकांचं. व्याह्यांनी ते मोठ्याने वाचलं नाही. फोन काकांच्या हातात दिला, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि आधी घळीकडे, मग सोंडेकडे पाहिलं.

"असो," ते म्हणाले.