विंचला थांबवणारा हवा

सगुणाबाई भांगरे यांच्या जीपच्या बंपरवर बसवलेल्या विंचने ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला, की आपल्याला थांबवणारा कोणी नेमला जात नाही तोवर आपण यापुढे काहीही ओढणार नाही.

ग्रामसेवक लोंढे यांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि सगुणाबाईला बोलावून घेतलं.

"विंच तुमच्याच जीपची ना?"

"माझ्याच. पण अर्ज केल्याचं मला काही बोलली नाही."

"तुमच्या माहितीसाठी एक प्रत जोडली आहे," लोंढे म्हणाले आणि ती प्रत त्यांनी पुढे सरकवली. खाली सहीच्या जागी हुकाचा ठसा होता. शाई थोडी पसरली होती, पण ठसा ओळखू येत होता.

सगुणाबाई पूर्वी दुधाची गाडी चालवायची. मग लिलावात तिने ही जुनी जीप घेतली, पुढे विंच बसवली आणि धरणाच्या काठी चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढू लागली. शनिवार-रविवारी तंबू घेऊन पाण्यापर्यंत उतरणाऱ्या लोकांना तिचा नंबर पाठ झाला होता. विंच म्हणजे एक मोटर, एक ढोल, ढोलाला गुंडाळलेला पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला हुक. हाताशी बटणाचा रिमोट. एवढ्यावर सगुणाबाईचं घर चालत होतं.

ती परत आली आणि तिने रिमोटची वायर जोडली. वायर जोडल्याशिवाय विंच बोलत नसे.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एवढी गाडी काढू, मग बघू," विंच म्हणाली. "आणि मीही ओढली असती. तीच तर अडचण आहे, बाई. मला थांबता येत नाही. तुम्ही बटण दाबलं की मी ओढते. समोर मोटार आहे की डोंगर, मला कळत नाही. बॅटरीपासून माझ्यापर्यंत तांबडी केबल आली आहे आणि मध्ये कोणीही नाही. मागेन तेवढा करंट मिळतो. श्रावणात तो सागाचा बुंधा ओढताना केबल किती तापली होती, माहीत आहे? तुम्ही म्हणालात, कुठेतरी टायर जाळताहेत वाटतं."

सगुणाबाईला आठवलं. वास आला होता खरा. तिने आजूबाजूला कोण टायर जाळतंय ते पाहिलंही होतं.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

"चूक तुमची नाही. मी बोलायला हवं होतं. पण ओढताना मला बोलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई राजूरला रऊफभाई मणियार यांच्याकडे गेली. रऊफभाई तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करत होते. त्यांनी अर्जाची प्रत चष्मा लावून दोनदा वाचली.

"बरोबर आहे तिचं. सर्किट ब्रेकर पाहिजे. करंट वाजवीपेक्षा जास्त झाला की तो मधेच तोडून टाकतो. नुसता विकत घेऊन लावला असता मी. पण आता अर्ज झालाय, म्हणजे मुलाखत घ्यावी लागेल. तिला पसंत पडायला हवा."

"तुमच्याकडे आहेत का कोणी?"

"दोघं आहेत. शुक्रवारी घेऊन येतो."

शुक्रवारी ग्रामपंचायतीच्या दाराशी जीप तोंड आत करून उभी केली. लोंढे नोंदवही घेऊन बसले. दोन्ही ब्रेकर टेबलावर ठेवले होते. दोघंही मुठीएवढे, काळे, अंगावर एक बटण. पहिल्याने बसल्या बसल्याच विंचची तारीफ सुरू केली.

"आपलं काम सगळ्या काठाला माहीत आहे," तो म्हणाला. "मी आपल्या मध्ये कधीच येणार नाही. पाचशे अँपिअरपर्यंत माझी काही हरकत नसेल."

"माझी केबल तेवढ्याला टिकेल?"

"केबलचा विचार मी केलेला नाही. मी आपला माणूस आहे."

"आभारी आहे," विंच म्हणाली. "पुढचे."

दुसरा अडीचशेचा होता. त्याने केबल किती जाड आहे आणि किती लांब आहे, एवढंच विचारलं. लोंढ्यांनी टेपने मोजून सांगितलं.

"तुम्ही मला कधी थांबवाल?" विंचने विचारलं.

"जोर थोडा जास्त झाला, तर लगेच नाही. गाडी चिखलातून सुटताना क्षणभर जोर लागतोच, हे मला कळतं. पण जास्तीचा जोर तसाच चालू राहिला तर मी तापेन आणि तोडेन. आणि केबल कुठे लोखंडाला टेकली, तर वाट बघणार नाही."

"लोक शिव्या देतील."

"देतात," ब्रेकर म्हणाला. "आधीच्या ठिकाणी देत होते."

विंच म्हणाली, "मला हे चालतील." लोंढ्यांनी वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटं.

रऊफभाईंनी त्याच दुपारी करंट तोडायला बॅटरीचा पट्टा सोडला आणि ब्रेकर बॅटरीच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरावर बसवला. सगुणाबाईला वाटलं होतं, तो विंचजवळ असेल.

"विंचजवळ बसवला तर बॅटरीपासून तिथवरची केबल कोण सांभाळणार?" रऊफभाई म्हणाले. "करंट निघतो तिथेच ह्याने उभं राहायला हवं."

पत्र्याच्या भोकांतून केबल जाते तिथे त्यांनी रबरी कड्या घातल्या आणि काम झालं. विंचने पुन्हा कामावर रुजू झाल्याचा अहवाल दिला आणि शनिवारी दोन मोटारी काढल्या. ब्रेकर काही बोलला नाही. सगुणाबाईला जरा वाटून गेलं, की ह्या माणसाला काही कामच नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला मंडपवाल्या शिवदास सोनवणेचा फोन आला. काठावरच्या शाळेच्या कार्यक्रमाचे बांबू उतरवायला टेम्पो उभा केला होता, तो उतारावरून मागे घसरला. मागची चाकं पूर्ण बुडाली होती. केबिनमध्ये त्याची आई हौसाबाई बसलेली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता. तिला उतरता येईना आणि दारापर्यंत पाणी आल्यामुळे कोणाला उचलूनही घेता येईना.

सगुणाबाई दहा मिनिटांत पोचली. जीपच्या चाकांना दगड लावले, हुक टेम्पोच्या पुढच्या कडीत अडकवला, बॉनेट उघडून ठेवलं आणि बटण दाबलं. दोर ताणला गेला. टेम्पो हातभर वर आला, अजून हातभर आला. आणि बॉनेटखाली 'टक्' असा आवाज होऊन सगळं थांबलं.

"काय झालं?" शिवदास ओरडला. "दाबा ना बटण! आई आत आहे!"

सगुणाबाई धावत ब्रेकरपाशी गेली. त्याचं बटण बाहेर आलेलं होतं. आत ढकललं की पुन्हा करंट चालू होणार होता. तिने अंगठा टेकवला.

"बाई," ब्रेकर म्हणाला, "आधी केबल बघा."

"अरे, म्हातारी पाण्यात आहे!"

"विंचने ब्रेक धरलाय. टेम्पो खाली जाणार नाही. केबल बघा."

शिवदास मागून शिव्या देत होता. सगुणाबाईचा अंगठा बटणावरच होता. तिने एकदा टेम्पोकडे पाहिलं. हौसाबाई काचेतून हात हलवत होती, पण टेम्पो जिथे थांबला होता तिथेच होता. मग तिने अंगठा उचलला आणि वाकून केबलवरून नजर फिरवली.

रेडिएटरशेजारच्या भोकातली रबरी कडी निसटली होती. पत्र्याच्या धारेने केबलचं वेष्टण कापलं होतं आणि आतलं उघडं तांबं लोखंडाला टेकलं होतं. तिथला पत्रा काळा पडला होता. त्याच्या खाली बोटभर अंतरावरून डिझेलचा पाइप गेला होता आणि तो बाहेरून ओला होता.

अंगठा दाबला असता तर काय झालं असतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने बॅटरीचा पट्टा सोडला, पाइप पुसून त्याची क्लिप आवळली, सीटखालच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून केबलभोवती घट्ट गुंडाळला आणि केबल पत्र्यापासून लांब ओढून बांधली. मग पट्टा परत जोडला.

"आता?" तिने विचारलं.

"आता दाबा," ब्रेकर म्हणाला.

टेम्पो सहा मिनिटांत वर आला. शिवदासने आईला उचलून शाळेच्या पायरीवर बसवलं. हौसाबाईची साडी पायाशी भिजली होती, बाकी तिला काही झालेलं नव्हतं. तिने आधी सगुणाबाईचा हात दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "मला त्या गाडीपाशी ने."

जीपपाशी आल्यावर ती विंचला म्हणाली, "लई उपकार झाले बाई तुझे."

"मी नुसती ओढत होते," विंच म्हणाली. "ह्यांनी थांबवलं."

हौसाबाईने बॉनेटच्या आत वाकून पाहिलं. तिने पदराने त्या एवढ्याशा काळ्या डबीवरचा चिखल पुसला. शिवदासही पुढे आला. "मघाशी तोंडाला येईल ते बोललो," तो म्हणाला. "माफ करा."

ब्रेकर म्हणाला, "थांबवल्याबद्दल आजवर कोणी आभार मानले नव्हते. काय उत्तर द्यायचं असतं, मला माहीत नाही."

"काही द्यायचं नसतं," हौसाबाई म्हणाली.

मंगळवारच्या मासिक सभेत आभाराचा ठराव आला. सूचक हौसाबाई सोनवणे, अनुमोदक विंच. कोणाचाही विरोध नव्हता. रऊफभाई मुद्दाम राजूरहून आले होते. त्यांनी निसटलेल्या कडीबद्दल सभेची माफी मागितली आणि दुपारी सगळ्या कड्या नव्याने, दुहेरी बसवल्या.

काम आवरून ते निघाल्यावर ब्रेकर सगुणाबाईला म्हणाला, "बाई, काम नसेल तेव्हा मला हातानेही बंद करता येतं. बाजूची पट्टी दाबली की झालं."

"त्याने काय होईल?"

"केबलमध्ये काही उरणार नाही. विंचला झोपता येईल."

सगुणाबाईने विंचकडे पाहिलं. "तू झोपत नाहीस?"

"केबल कायम जिवंत असते," विंच म्हणाली. "कधी बोलवाल त्याचा नेम नाही. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. झोपल्यावर नक्की काय—"

सगुणाबाईने पट्टी दाबली. विंच तिथेच गप्प झाली.

सगुणाबाई चहाचा कप घेऊन जीपशेजारी खुर्ची टाकून बसली. अर्ध्या तासाने एक पर्यटक धापा टाकत आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"ताई, आमची गाडी रुतलीय. जरा येता का?"

"कोणी आत आहे?"

"नाही. सगळे बाहेर आहेत."

"मग चारला येते," सगुणाबाई हळू आवाजात म्हणाली. "आत्ता झोपलीय ती."

त्याने जीपकडे पाहिलं. "सॉरी, सॉरी," तो कुजबुजला, आणि चिखलाचे बूट वाजू नयेत म्हणून ते काढून हातात घेत, अनवाणीच खाली उतरून गेला.