सासूबाईंचा डोळा आणि निळी भिंत

“आई, पट्टी तर सुटू द्या! मग माझ्या भिंतीकडे पाहा. आजवर मळका होता तो तुमचा डोळा, माझा रंग नव्हे!”

हे वाक्य जावयाने इस्पितळाच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात उच्चारले. आणि त्याच क्षणी नियतीने कुठेतरी अंधारात कान टवकारले असावेत.

तो रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेचा प्रमुख होता. रंगद्रव्याचे कण द्रवात एकमेकांपासून सुटे ठेवणे, हे त्याचे जीवितकार्य. कण सुटे राहिले की रंग खुलतो. ते घोळक्याने एकमेकांना बिलगले की रंग मलूल पडतो. या एका सत्यावर तो इतका वेळ बोलत असे, की कारखान्यात त्याला मागून ‘कणमहर्षी’ म्हणत. समोर कुणी काही म्हणत नसे; कारण समोर कुणी थांबतच नसे!

घरात मात्र या महर्षींना एक परीक्षक होती आणि ती त्यांना वर्षानुवर्षे नापास करत आली होती. त्याने दिलेल्या प्रत्येक रंगाला सासूबाईंचे विशेषण एकच: मळकट. “जावईबापू, भिंत रंगवलीत की पुसलीत?” असे त्या अतिशय गोड आवाजात विचारत. पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ते ऐकून तो तोंड फिरवून हसला. बायकोने ते पाहिले, आणि अद्याप माफ केलेले नाही.

सासूबाई शस्त्रक्रियेला घाबरत होत्या. “अंधुक का होईना, दिसतंय ना? मग उगाच डोळ्यात सुरी कशाला?” अखेर जावयानेच शब्द दिला. एक डोळा करून पाहा. तुमच्या खोलीची भिंत तुमच्या आवडत्या गडद निळ्या रंगात मी स्वतः रंगवतो. ती मनासारखी दिसली, तरच दुसरा. या शब्दावर त्या म्हातारीने आपला उजवा डोळा डॉक्टरीणबाईंच्या हवाली केला होता.

“अहो,” बायकोने बजावले, “आईचा दुसरा डोळा आता तुमच्या भिंतीला टांगलाय. लक्षात ठेवा!”

घरी येताना त्याने प्रयोगशाळेतून रंगद्रव्याची दाट निळी लुगदी आणली, पांढऱ्या रंगाची बादली आणली. लुगदी पांढऱ्यात चमचा-चमचा मिसळायची, ढवळत राहायचे, पाणी थेंबाथेंबाने सोडायचे. घाई झाली की कण दचकतात आणि एकमेकांना मिठी मारतात. हे न पाळणाऱ्या कित्येक उमेदवारांना त्याने रडवले होते. तो एखाद्या तान्ह्या बाळाला भरवावे तसा बादलीला चमचे भरवू लागला.

फोन वाजला. “अहो, लवकर सोडलं आईला!”

“लवकर म्हणजे कधी?”

“म्हणजे गाडीत बसलोय!”

महर्षींनी बादलीकडे पाहिले. घड्याळाकडे पाहिले. आणि उरलेली सगळी लुगदी, वर पाण्याचा एक भरलेला तांब्या, एकाच झटक्यात बादलीत उपडा केला!

भिंत रंगली. क्षणभर ती संध्याकाळ उतरू लागलेल्या आकाशासारखी झाली. मग वाळता वाळता तिचे निळेपण विझत गेले, जणू ती काहीतरी आठवू पाहत होती आणि मध्येच कंटाळून तिने तो नाद सोडून दिला. उरला तो जुन्या पायपुसण्याचा रंग.

अर्धवट वाळलेला रंग पाहिला की रंगशास्त्रज्ञाचे बोट त्याच्या ताब्यात राहत नाही. त्याने एका जागी बोट टेकवले, गोल गोल चोळले. बोटाखाली कणांचे घोळके मोडले आणि तेवढाच ठिपका गर्द, गहिरा, वचन दिल्याप्रमाणे निळा झाला! निदान पक्के होते. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण एका निरीक्षणावर शास्त्र उभे राहत नाही! त्याने खिडकीजवळ चोळून पाहिले. पलंगाच्या वर चोळले. दाराशी, कोपऱ्यात, स्टुलावर चढून छताखाली चोळले. प्रत्येक ठिकाणी शास्त्र खरे ठरत होते आणि भिंत देवी आल्यासारखी दिसत होती!

मग त्याने दोन्ही तळव्यांनी सगळी भिंतच घासायला घेतली. तोवर रंग धरू लागला होता. त्याच्या वळ्या निघू लागल्या. आणि दारावरची घंटा वाजली.

काळा चष्मा लावलेल्या सासूबाई लेकीचा हात धरून खोलीत आल्या. “कुणी काही बोलू नका. चष्मा मी भिंतीसमोरच काढणार.”

त्यांनी तो काढला. भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

“अगं...” त्यांनी लेकीचा हात दाबला. “हे तर पूर्वीसारखंच आहे. मळकट.”

“आई, नीट बघ ना!”

“नीटच बघतेय. आणि आता ठिपके दिसतायत गं. निळे निळे! इकडे पाहिलं तरी ठिपके, तिकडे पाहिलं तरी ठिपके!”

बायको पांढरीफटक पडली. डोळ्यांपुढे ठिपके आले तर धावत या, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. तिने फोन लावला. “ठिपके?” पलीकडून किंकाळीच आली. “ताबडतोब आणा! मान हलवू देऊ नका!”

सासूबाई मान दोन्ही हातांनी धरून पलंगावर बसल्या. “गेला माझा डोळा. चांगला अंधुक होता, तोही गेला.” नव्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब ओघळला.

तो गप्प राहू शकत होता. डोळा दोषी, रंग निर्दोष. सगळा इतिहास त्याच्या बाजूने वळून उभा होता. पण त्या थेंबाने त्याच्या आतले काहीतरी विस्कटले.

“आई, डोळा शाबूत आहे. ठिपके भिंतीवर आहेत.”

“कुणी काढले?”

“मी. बोटाने.”

“आणि बाकीची भिंत?”

त्याने मान खाली घातली. “मळकट आहे.”

“हॅलो?” फोनमधून आवाज आला. “पेशंट नक्की कोण आहे?”

सासूबाई उठल्या. मान सोडली, डोळे पुसले, चालत भिंतीपर्यंत गेल्या. तळव्याने नवा डोळा झाकला आणि डाव्या, मोतीबिंदूच्या डोळ्याने बराच वेळ पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू शांती पसरली.

“हं! या डोळ्याने ठिपके नाहीत की वळ्या नाहीत. मळकट आहे, पण एकसारखं मळकट!” त्या लेकीकडे वळल्या. “बाईंना सांग, दुसऱ्या डोळ्याची तारीख रद्द. या घरातल्या भिंती जावईबापूच रंगवणार असतील, तर माझा एक डोळा असाच राहू दे!”