साबण निघत नाही

तिसरी बादली अंगावर ओतून झाली, तरी प्रफुल्ल चिंचोळकरांच्या अंगावरचा साबण निघेना. दंडाला हात लावला की तो सुळकन कोपरापर्यंत घसरे. पाठीचं तर विचारायलाच नको. नऊ वाजत आले होते आणि दहाला कॉलनीची सभा होती, तीही त्यांच्यामुळेच.

तेलीबांध्याच्या तलावामागच्या त्या कॉलनीत सगळ्यांकडे बोरिंगचं जड पाणी. प्रफुल्लसर अभनपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरी पाणी नरम करणारा सॉफ्टनर बसवला आणि तेव्हापासून भेटेल त्याच्यापुढे ते डोकं वाकवत. "हात लावून पहा, रेशीम आहे." यंत्रात घालायचं मीठ तीन वर्षांत एका पोत्यावर लागलं नाही, हेही ते विशेष अभिमानानं सांगत. अख्ख्या कॉलनीसाठी एक मोठं यंत्र घ्यायचं की नाही, हे आजच्या सभेत ठरायचं होतं आणि मुख्य वक्ते अर्थातच सर होते.

"अहो, झालं का?" बाहेरून ऋतानं विचारलं.

"साबण निघत नाहीये."

"कमी लावायचा ना मग."

"लावून झाल्यावर कमी कसा लावू?"

चौथ्या बादलीला नळ नुसताच फुसफुसला. टाकी रिकामी झाली होती आणि मोटर लावावी तर वीज गेलेली. सर टॉवेल गुंडाळून, भिंतीचा आधार घेत शेजारच्या इंद्रजीत रामटेक्यांकडे निघाले.

रामटेके रेल्वेत होते. दोन वर्षांपूर्वी सरांचं ऐकून त्यांनीही तसलंच यंत्र घेतलं होतं आणि आठवड्याभरात तक्रार घेऊन आले होते, की कितीही नहा, साबण जात नाही. तेव्हा सरांनी त्यांना आंघोळ कशी करावी हे अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

रामटेक्यांनी काही न विचारता बाथरूमचं दार उघडून दिलं. सरांनी दोन बादल्या ओतल्या. अंग होतं तसंच गुळगुळीत.

"निघाला का सर?" बाहेरून आवाज आला.

"नाही."

"खांद्यावरून सावकाश ओता सर. तुम्हीच सांगितलं होतं."

"तसंच ओततोय."

"मग नाही निघत," रामटेके म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान सरांनी कधी ऐकलं नव्हतं.

घरी परतले तर ऋतानं नत्थू प्लंबरला बोलावून ठेवलं होतं. नत्थूनं यंत्राभोवती एक चक्कर मारली, पाइपातलं थोडं पाणी बोटांवर घेऊन चोळलं. "मशीन तं मस्त चालून राहिली सर."

"मग साबण काहून निघत नाही?"

"साबण कवाच निघाला. नरम पाणी असंच बुळबुळीत लागते. काल तुमचा नळ बदलवाले आलो ना, तवा मशीनचा हा दांडा आडवा दिसला. म्हटलं कोनाचा हात लागला असन, सरळ करून देल्ला. दांडा आडवा असला तं पाणी मशीनमंदी जातच नाही, बाहेरच्या बाहेर घरात येते."

"कधीपासून आडवा होता?"

नत्थूनं मिठाच्या टाकीचं झाकण उघडून आत बोट खुपसलं. मिठाचा दगड झाला होता. "हे मीठ तं कोनी चाखलंबी नाही सर."

सरांनी ऋताकडे पाहिलं. ती टॉवेलच्या सुटलेल्या टोकाकडे पाहत होती.

"मशीन बसवली त्याच दुपारी मी डोकं धुतलं," ती म्हणाली. "शाम्पू निघता निघेना. बसवणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, दांडा आडवा करा."

"मग मला सांगायचं."

"सांगणारच होते. पण तुम्ही कॉलेजातून आले, नहाले आणि म्हणाले, पहा, केस कसे रेशमासारखे झाले. मग काय सांगू?"

सर सभेला निघाले ते दांड्याचं काही बोलायचं नाही असं ठरवूनच. पण पहिल्याच रांगेत रामटेके बसले होते, वही उघडून. दोन वर्षं हा माणूस स्वतःच्या घरात चोरासारखा अंग घासत होता, ते आपल्यामुळे. सरांना ते लपवून बोलवेना.

"गेली तीन वर्षं माझं यंत्र बंद होतं," ते म्हणाले. "मी तुमच्यासारखंच बोरिंगचं पाणी वापरत होतो. रामटेक्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी चुकलो."

आता हसतील म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. सचिव हरिदास उठले, जवळ आले आणि त्यांनी सरांच्या केसांवरून नीट हात फिरवला.

"म्हणजे हे केस बोरिंगचे?"

"हो."

"मग मशीन काहून पाहिजे?"

टाळ्या पडल्या. जड पाण्यानं गीझरमध्ये क्षार साचतात, हे सर सांगू लागले, ते कोणी ऐकलं नाही. यंत्राचा विषय एकमतानं बंद झाला आणि स्वतःच्या देहावर तीन वर्षं प्रयोग केल्याबद्दल सरांच्या अभिनंदनाचा ठराव पास झाला.

दुपारी वीज येऊन टाकी भरली, तोच दारावर टकटक झाली. रामटेके उभे होते. खांद्यावर गमछा, हातात साबणदाणी.

"सर, दांडा आडवा केला ना परत?"

"केला."

"मग जरा नहाऊन घेऊ का तुमच्याइथं?"

"अहो, तुमच्याही मशीनला तसाच दांडा आहे. चला, मी आडवा करून देतो."

"हव, ते तर करूच," चपला काढत रामटेके म्हणाले. "पण आधी इथं नहाऊन पाहतो. मागच्या टायमाले तुमचं ऐकून डायरेक्ट घरीच लावली होती."