बोळ्याने बोळवण

आमच्या लेकीच्या, वैजूच्या लग्नापर्यंत माझे सासरे ट्रम्पेटमध्ये राहत होते. त्यातही तिसऱ्या बटणाच्या नळीत, कारण तिथं वर्दळ कमी. पहिल्या दोन बटणांना लग्नसराईत उसंत नसते, तिसरं कधीतरी लागतं. तेवढ्यापुरते मामा अंग चोरून उभे राहायचे आणि वाऱ्याला वाट द्यायचे.

आमचा विट्याचा वायदंडे ब्रास बँड. मामा, म्हणजे धोंडिराम मास्तर, त्याचे मालक आणि ट्रम्पेटवाले. माझ्या नणंदेच्या, सुलावन्संच्या लग्नात ते आत गेले. मुलीचा बाप असून बँडचा लाल कोट घालून ते स्वतः बोळवणीची धून वाजवत होते. वन्सं गाडीपाशी पोचल्या, तेवढ्यात व्याही हात झटकून म्हणाले, "मास्तर, आवरा आता. फुंक संपली तुमची." धून मध्येच तुटली. बघतो तर टोपी मातीत, ट्रम्पेट मातीत, आणि मामा आत.

सगळं गाव म्हणालं, मास्तर रुसले. आता लग्न म्हटलं की कुणीतरी रुसायचंच. एरवी विहीण रुसते, आमच्याकडं मुलीचा बाप रुसला एवढाच फरक. रुसवा काढायला पाच माणसं धाडायची रीत आहे, पण ट्रम्पेटच्या कर्ण्याशी पाच तोंडं मावत नाहीत, म्हणून एकेकजण बोलून आला. मामांचं उत्तर सगळ्यांना एकच. "बघू पुढं." दर खंडेनवमीला आम्ही वाद्यांना हळदकुंकू लावायचो आणि मी कर्ण्यात तोंड घालून विचारायची, "मामा, येताय का औंदा?" तर आतून, "बघू पुढं." म्हटलं, बघा बाई. माणूस हट्टाला पेटला की घोड्यावर बसवता येत नाही आणि नळीतून काढता येत नाही.

मध्यंतरी सरकारी ऑफिसातून एक भाऊसाहेब आले होते, म्हातारी माणसं हयात आहेत का ते बघायला. 

"धोंडिराम वायदंडे कुठं राहतात?"

"ट्रम्पेटमध्ये."

"ट्रम्पेट कुठं असतं?"

"घरात, खुंटीला."

"म्हणजे राहत्या घरीच की," भाऊसाहेब म्हणाले. "आवाज द्या त्यांना." 

मामा आतून खाकरले. "हयात," असं म्हणून भाऊसाहेबांनी चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.

सगळा घोळ चहानं केला. मामांना दिवसातून तीनदा चहा लागायचा, तोही गोडमिट्ट. मी तोटीतून, म्हणजे ओठाला लावून फुंकतात तिथून, चमच्याचमच्यानं आत सोडायची. कवळी बोचायला लागल्यापासून बिस्किटं चुरून द्यायला लागले. व्हायचं तेच झालं. साखरेचा थर बसला, वर चुरा चिकटला आणि आवाज बसला. आमचे हे, म्हणजे मामांचे चिरंजीव बाजीराव, गाल फुगवून फुगवून लालबुंद व्हायचे आणि ट्रम्पेटमधून नुसता फुसफुस वारा यायचा. 

पूर्वी दोरीला चिंधी बांधून नळी ओढून घ्यायची पद्धत होती. मामा आल्यापासून तेही बंद पडलं. आतून दोरी धरून ठेवायचे आणि विचारायचे, "कोण ओढतंय?"

अशातच वैजूचं लग्न ठरलं. आमची थोरली, एकुलती एक म्हणा ना, धाकटं कुणी नाहीच. वैजयंती नाव. मुलगा कराडचा, मोटारींचं गॅरेज आहे. त्यांच्याकडून निरोप आला की बँड राहू दे, डीजे आणतो. वैजूनं निरोप उलटा धाडला. "माझी बोळवण आमच्याच ट्रम्पेटवर होणार. आणि अक्षता टाकायला आजोबा बाहेर असणार. नाहीतर मी गाडीत बसत नाही, गाडी तशीच कराडला न्या." तिनं आजोबांना कधी पाहिलंच नव्हतं. सुलावन्संच्या लग्नात ती माझ्या पोटात होती. लहानपणापासून कर्ण्याला कान लावून पाढे म्हणायची, चुकलं की आतून टपली मारल्यासारखा टण्ण आवाज यायचा. पोरीचा जीव होता त्यांच्यावर.

ती माझीच लेक. बोलली म्हणजे करणार. मग हे कोल्हापूरला शेडबाळ्यांच्या वाद्यांच्या दुकानात गेले, मी पण गेले. शेडबाळ्यांनी डबी काढली. डबीत फोमचे बोळे, सुपारीएवढे, औषधात भिजवलेले. 

"तोटी काढायची, नळीत बोळा घालायचा, तोटी लावायची, तिन्ही बटणं दाबायची आणि जोरात फुंकायचं," शेडबाळे म्हणाले. "सगळ्या नळ्या फिरून मळ घेऊन बोळा कर्ण्यातून बाहेर. आत काही अडचण?"

"वडील आहेत," हे म्हणाले.

"किती जुने?"

"बावीस वर्षं झाली."

शेडबाळ्यांनी जरा विचार केला. "मग दोन बोळे जास्त न्या. आणि एक ध्यानात ठेवा. बोळा एकदा सुटला की मागं ओढता येत नाही. पुढंच जावं लागतं."

घरी आल्यावर मामांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. वाईट सांगायचं असलं की ह्या घरात सुनेची आठवण होते. मी कर्णा तोंडाशी धरला.

"मामा, उद्या बोळे मारायचेत."

मग मामा म्हणाले, "म्हणजे माझी बोळवण करताय."

"बोळवण नव्हं हो, बोळे. सफाई."

"एकच की ते. बोळ्यानं माझी बोळवण! मी काय दारात आलेला पाहुणा आहे, काहीतरी हातावर ठेवून वाटेला लावायला? मला काय कळत नाही? बोळ्यानं दूध पितो का मी?"

"दूध नाही, चहा पिता," मी म्हटलं. सांगू का, मलाही तोंड आहे. "त्यानंच नळी तुंबली. पोरीच्या लग्नात ट्रम्पेट फुसफुसलं तर ती गाडीत बसणार नाही म्हणती. करायचा का सगळ्या संसारावर बोळा फिरवून मोकळं? बसा मग आत, आणि नातीला ठेवा जन्मभर कर्ण्यापाशी."

मामा विरघळले. पण मास्तर ते मास्तरच. "बोळवण करायची तर रीतीनं करा. शिदोरी बांधा. नारळ द्या. आणि जाताना धून पाहिजे. धुनेबिगर मी पाऊल टाकणार नाही."

आता आली का पंचाईत? धून वाजायची ट्रम्पेटवर. ट्रम्पेट तुंबलेलं. ते मोकळं व्हायचं तर मामा निघायला पाहिजेत. आणि मामा निघायचे तर धून पाहिजे. हे म्हणाले, "दादा, क्लॅरिनेटवर वाजवतो." आतून आवाज आला, "माझी बोळवण पिपाणीवर? त्यापेक्षा इथंच मरतो." क्लॅरिनेटवाला भाऊ सनके बाजूलाच बसला होता, तो उठून बाहेर गेला. त्याची समजूत काढण्यात संध्याकाळ गेली.

वाट काढली ती वैजूनं. अंगाला हळद लागलेली, हात पिवळे. ती म्हणाली, "आजोबा, बोळ्याच्या मागनं जो वारा येईल, त्यातच धून असेल. फुंकणार मी. बाप लेकीची बोळवण करतो, नातीनं आजोबाची केली तर कुठं बिघडलं?"

आत नाक ओढल्याचा आवाज आला. "वाजवता येती का तुला?"

"आत बसून तुम्हीच शिकवली नव्हं का? गुणगुणून गुणगुणून."

अंगणात चटई टाकली. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून कर्ण्यासमोर ठेवली, नारळ ठेवला. वैजूनं पहिला बोळा घातला, तिन्ही बटणं दाबली आणि फुंकलं. बोळा बाहेर पडला तो काळाकुट्ट, पाठोपाठ साखरेचे खडे आणि अख्खं एक बिस्किट. "हे राहिलंच होतं," मामा आतून हळहळले. दुसरा बोळा तपकिरी निघाला. तिसऱ्याला वैजूनं डोळे मिटले. आधी नुसता घरघराट झाला. मग एक सूर फुटला, दुसरा फुटला, आणि बोळवणीची धून कशीबशी उभी राहिली. पहिल्या वळणावर मामा म्हणाले, "येतो बरं का." दुसऱ्या वळणावर म्हणाले, "सावकाश गं." आणि कर्ण्यातून आधी बोळा, मग बोळ्याला दोन्ही हातांनी धरलेले मामा चटईवर आले.

लाल कोटाचा पार चहा झाला होता. बाकी तब्येत ठीक. वैजूनं वाकून नमस्कार केला. मामांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सात साते चुकायचीस तीच का तू?" आणि दोघंही रडली. मी पण रडले, लपवून काय करायचं.

मग मी विचारलंच. "मामा, एवढा कसला हो रुसवा? व्याही एक शब्द बोलला, त्यावर बावीस वर्षं?"

"रुसलो कुठं होतो?" मामा चकित झाले. "सुली गाडीत बसताना मागं वळून बघितली गं. हुंदका आला. फुंक बाहेर सोडायच्या टायमाला आत ओढली. गेलो आत." 

"मग सांगायचं नाही का?"

"बँडमास्तर रडला असं सांगू? रुसला म्हणत होते ते काय वाईट होतं?" मग ते ह्यांच्याकडं वळले. "बाज्या, उद्या वाजवताना जपून. रडायचं असलं तर बाहेर रड. आत घेऊ नको."

"मी कशाला रडतोय," हे म्हणाले आणि ट्रम्पेट पुसत बसले.

लग्न झकास झालं. मामांनी अक्षता टाकल्या. कवळी तिसऱ्या नळीत विरघळून गेल्यामुळं त्यांना फुंकता येत नव्हतं, म्हणून ते झांजा घेऊन बँडात उभे राहिले. आणि ट्रम्पेट! काय सांगू, असा मोकळा आवाज मी ह्या घरात आल्यापासून ऐकला नव्हता. कराडची मंडळी डीजेचं नाव विसरली.

बोळवणीची वेळ झाली. हे लाल कोटात, दोन्ही हात ट्रम्पेटला. मला ठाऊक होतं, हात गुंतलेले बरे म्हणूनच ह्यांनी वाजवायला घेतलं होतं. वैजू मामांच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, मग बापापाशी गेली. ते वाजवतच होते, डोळे वर मांडवाच्या झालरीला लावून. पोरीनं त्यांच्या कोपराला डोकं टेकलं. आता रडेल, काहीतरी मोठं बोलेल असं वाटलं. तर म्हणाली, "बाबा, सकाळपासून वाजवताय. जेवलात का?"

धून मध्येच तुटली. टोपी खाली पडली. ट्रम्पेट पडलं नाही, मामांनी झांजा टाकून ते वरच्या वर झेललं. 

"तयारीतच होतो," मामा म्हणाले. "पोचा पडला असता."

कराडचे व्याही पुढं आले. "मुलीचे वडील कुठं गेले?"

"आत आहेत," मी म्हटलं.

"बोलवा की. निघायचंय."

"आत्ताच गेलेत. वेळ लागेल."

व्याही समंजस माणूस. त्यांनी ट्रम्पेटलाच नमस्कार केला. वैजूनं कर्ण्यावरून हात फिरवला, गाडीत बसली, आणि मागं वळून बघायचं नसतं तरी बघितलं. गाडी गेली. मामांनी आणि मी मांडवातली उष्टी पानं उचलायला लावली आणि घरी आलो. वाटेत ट्रम्पेटच्या पेटीचं झाकण उघडंच ठेवलं, ह्यांना कोंदट सोसत नाही.

सकाळी चहा केला. मामा ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकून फुंकून पीत होते, फुंक नीट बाहेर सोडत. ह्यांचा चहा मी चमच्यानं तोटीतून घातला.

"अगं, साखर?" आतून आवाज आला.

"नळी तुंबती. बिनसाखरेचाच प्यायचा आता."

"किती दिवस?"

"वैजूला लेक होऊन तिचं लग्न ठरेपर्यंत. बोळे आहेत दोन शिल्लक, ठेवलेत डबीत."

"बघू पुढं," हे म्हणाले.

तेवढ्यात वैजूचा फोन आला. सासरी सगळं बरं होतं, तिथला चहा फिक्का होता. "बाबांना दे," म्हणाली. मी फोन कर्ण्यापाशी धरला. मग अगदी हळू, तिसऱ्या नळीतून, काल तुटली होती तिथूनच पुढची धून सुरू झाली आणि शेवटपर्यंत गेली. 

फोनमध्ये नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई," वैजू म्हणाली, "बाबांचा आवाज अगदी स्वच्छ येतोय."