पोवळीचं थोरलं युकुलेले

एका जंगलात एक पाणवठा होता आणि त्या पाणवठ्याची एक रीत होती. रोज दिवस कलला की तिथल्या उंबराच्या फांदीवर पोवळी नावाची एक शेकरू बसायची आणि युकुलेले वाजवायची. युकुलेले म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनी चार तारांची, काखेत मावणारी छोटीशी गिटार डोळ्यांसमोर आणावी. ते जंगलात कुठून आलं, असं विचारू नका. पुढे वाघ बोलणार आहे, त्याला तुम्ही काही म्हणणार नाही. मग बिचाऱ्या शेकरूच्या वाद्यावरच एवढा राग का?

तर रीत अशी होती. पोवळीचं वाजवणं चालू असेपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही. हरणांनी, सांबरांनी, सशांनी खाली यावं आणि पोटभर पाणी प्यावं. वाघानेही प्यावं, पण इकडेतिकडे न बघता. गाण्याचा शेवटचा, खालचा सूर वाजला की मुदत संपली. मग ज्याने त्याने आपले पाय आणि आपलं नशीब बघावं.

वाघ त्या जंगलाचा राजा होता आणि कायद्याचा पक्का होता. कायदा मोडून त्याने आजवर कोणालाही खाल्लं नव्हतं. कायद्याने मात्र बरेच खाल्ले होते.

पोवळीचं युकुलेले तिच्या आईचं होतं. त्याच्या दांडीवरचे सुरांचे पडदे मक्याच्या दाण्यांसारखे एकाला एक लागून होते. बोट जरा सरकवलं की पुढचा सूर. पोवळी डोळे मिटून वाजवायची, आणि खाली पाणी पिण्याचा चुळूचुळू आवाज आला की तिला फार बरं वाटायचं. आपल्यामुळे एवढी जनावरं रोज तहान भागवून घरी जातात, याचा तिला मनातल्या मनात अभिमान होता. तो असायलाच हवा होता.

मग एकदा महाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले आणि येताना तोंड पाडून आले.

"प्रधानजी," महाराज कोल्ह्याला म्हणाले, "त्यांच्याकडे एक अस्वल आहे. ते केवढं तरी मोठं वाद्य वाजवतं. घुम्म घुम्म असा आवाज येतो. आणि आपल्याकडे? आपल्याकडे ते टिणटिण!"

"लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखं," प्रधानजींनी लगेच दुजोरा दिला. कालपर्यंत ते त्याच टिणटिणीवर मान डोलवत होते, पण मान काय, दोन्हीकडे डोलते.

लगेच सुतार पक्ष्याला बोलावणं गेलं. जंगलातलं लाकूडकाम सगळं त्याच्याकडे. त्याने फणसाच्या लाकडाचं एक थोरलं युकुलेले कोरून दिलं. आवाज भारदस्त हवा, असा हुकूम होता, म्हणून त्याने तारा जाड घातल्या आणि खालच्या सुरात लावल्या. पुढच्या बाजूला महाराजांचा पंजा उमटवला.

समारंभ झाला. पोवळीला शाल दिली, नारळ दिला आणि ते थोरलं वाद्य दिलं. आईचं धाकटं काढून घेतलं. ते आता जंगलाचा ठेवा झालं होतं, म्हणून एका कपारीत मांडून ठेवलं. पुढे काच लावायची होती, पण जंगलात काच मिळेना, म्हणून कोळ्याकडून जाळं विणून घेतलं.

"महाराज," पोवळी भीत भीत म्हणाली, "मला थोडे दिवस द्याल का? हात बसायला हवा."

"हात बसायला?" प्रधानजी हसले. "अगं, मोठं म्हणजे सोपंच की! बोटांना ऐसपैस जागा. आज संध्याकाळी वाजव."

सल्ला देणाऱ्याला वाजवायचं नसलं की वाद्य सोपंच असतं.

संध्याकाळी पोवळी फांदीवर बसली. बसली म्हणजे वाद्यामागे गेली. समोरून फक्त तिचे कान आणि मागून झुपकेदार शेपटी दिसत होती. धाकटं काखेत धरलं की गप राहायचं, हे थोरलं मांडीवरून सारखं घसरत होतं. तिने एका पायाने ते अडवलं, सवयीने बोटं नेहमीच्या जागी ठेवली आणि तारा छेडल्या.

आता घोटाळा असा, की त्या जागी ते सूर राहिलेलेच नव्हते. पहिलाच जो सूर निघाला तो खालचा, जाड, अगदी गाण्याच्या शेवटच्या सुरासारखा. मुदत सुरू व्हायच्या आत संपली!

तारा छेडल्याबरोबर जनावरांनी सवयीने पाण्याला तोंड लावलं होतं. ती दचकली. वाघ दचकला नाही. कायदा म्हणजे कायदा. त्याने तिथूनच झेप घेतली आणि ससा त्याच्या पंजातून केसाच्या अंतराने निसटला. शेपटीचा बराचसा भाग मात्र मागेच राहिला. तेव्हापासून सशाची शेपटी आखूड आहे. ती आधीपासून आखूडच होती असं काही जण म्हणतात, पण ते त्या दिवशी तिथे नव्हते.

पोवळी घाबरून पुढचे सूर धरायला गेली, तर बोटं पुरेनात. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायला उडी मारावी लागत होती. बोट अर्धवट पडलं की तार खडखडायची, बद्द वाजायची. खर्र, टक, खर्र. त्या गडबडीत सगळी जनावरं पाणी न पिताच डोंगरावर पळाली.

पोवळी ढोलीत जाऊन रडली. तिला वाद्याचं दुःख नव्हतं. उद्या एखाद्याची शेपटी नाही, मान जाईल आणि ती आपल्या बोटांमुळे जाईल, याचं होतं. धाकटं परत मागावं तर महाराजांचा पंजा उमटवलेली भेट नाकारल्यासारखं होतं. वाजवणंच सोडावं तर रीत मोडते, आणि रीत मोडली की वाघाला रान मोकळं.

सकाळी ती सुतार पक्ष्याकडे गेली. "सुतारकाका, हे बिघडलंय हो."

सुतारकाकांनी वाद्य टोचून पाहिलं. "हे धडधाकट आहे. वाजव बघू."

तिने वाजवलं. काकांनी एक डोळा मिटला.

"पोवळे, तू थोरल्यावर धाकटंच वाजवतेयस."

"म्हणजे?"

"अगं, धाकटं मोठं झालं म्हणजे थोरलं होत नाही. हे निराळंच वाद्य आहे. जुन्या सुरांची घरं आता दुसरीकडे आहेत, ती शोधावी लागतील. आणि अंगठा असा वर काढू नकोस, मागे दडव. मग बोटं लांब पोचतात. गळ्यात एक वेल अडकव, म्हणजे घसरायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

"मी वाद्य करतो. दिवस करत नाही."

त्या दिवसापासून पोवळी रोज धबधब्याच्या मागे जाऊन बसू लागली. तिथे चुका कोणाला ऐकू जात नाहीत. बाहेरचंही काही आत ऐकू येत नाही, पण त्याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही. बोटांची टोकं सोलवटली, मग त्यांना घट्टे पडले. एक एक सूर ती हुडकून काढायची, विसरायची, पुन्हा हुडकायची. धबधब्यामागे तिला हळूहळू जमू लागलं.

संध्याकाळी मात्र वाघ समोर येऊन बसला की बोटं भीतीने थेट जुन्या जागी पळायची. पुन्हा तेच, खर्र, टक, खर्र. पोवळीची नजर बोटांवर खिळलेली असायची. आणि गंमत अशी, की काही दिवसांनी खालून पुन्हा चुळूचुळू ऐकू यायला लागलं. जनावरं पळत नव्हती. वाघही मुकाट पाणी पीत होता.

'किती सांभाळून घेतात हो मला!' पोवळीला भरून आलं. 'यांच्यासाठी तरी मी नीट शिकेन. पौर्णिमेला असं वाजवीन की ऐकत राहतील.'

पौर्णिमेला शेजारचे महाराज अस्वलासकट पाहुणे येणार होते.

तोवर तिने गाणं पुरतं बसवलं. अंगठा मागे, वेल गळ्यात, बोटं नव्या घरांत. त्या संध्याकाळी ती फांदीवर आली तेव्हा समोर एकाला दोन वाघ बसलेले होते. तिने ठरवून त्यांच्याकडे पाहिलंच नाही. एकदा आईची आठवण काढली आणि तारा छेडल्या.

काय सांगू मुलांनो! आईचंच गाणं, पण जरा खोल, जरा शांत, फणसाच्या लाकडातून घुमून आलेलं. एकही तार खडखडली नाही. पाहुण्यांच्या अस्वलाने तोंडातलं मधाचं पोळं खाली ठेवलं. पोवळीने डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिने डोळे मिटून वाजवलं, आणि ती सुखावली.

पण चुळूचुळू काही ऐकू येईना.

तिने डोळे उघडले. पाणवठा रिकामा. सगळी जनावरं वर उतारावर ताटकळत उभी. जिभा बाहेर आलेल्या.

"अगं पोवळे," म्हातारी सांबरीण गोदाआजी वरून ओरडली, "सुरू कर की आता! लेकरं तहानेनं कासावीस झालीत."

"आजी, वाजवतेय ना!" पोवळी हात न थांबवता म्हणाली.

"हे होय? हे छानच आहे गं. पण ते आपलं खडखडणारं कधी लावतेस?"

"खडखडणारं?"

"त्या पहिल्या दिवशी तू शेवटानंच सुरुवात केलीस. तेव्हाच आम्ही ठरवलं, या पोरीच्या सुरांचं काही खरं नाही. खडखड ऐकू आली की पाणी प्यायचं, खडखड थांबली की पळायचं. महाराजांनीही मान्य केलं. प्रधानजींनी सगळीकडे दवंडी पिटली. तू कुठे होतीस?"

पोवळी धबधब्याच्या मागे होती. रियाज करत होती.

इतक्यात कळपातून चितळाचं एक पाडस सुटलं. ते नुकतंच जन्मलं होतं, दवंडी त्याला ठाऊक नव्हती. गाणं गोड लागलं म्हणून ते टुणटुण उड्या मारत खाली आलं आणि फांदीखाली उभं राहून वर बघू लागलं.

महाराजांनी पाडसाकडे पाहिलं. मग पोवळीकडे पाहिलं. खडखड नाही, म्हणजे मुदत सुरू नाही. त्यांच्या शेपटीचं टोक हललं आणि मागचे पाय दबले.

पोवळीच्या हातात गाण्याची सगळ्यात सुंदर ओळ आली होती. धबधब्यामागे तिला सगळ्यात जास्त दिवस लागले होते ते हिच्यासाठी. पुढचा सूर बोटाखाली तयार होता.

तिने बोट उचललं आणि जुन्या, चुकीच्या जागी आपटलं.

खर्र!

महाराज जागच्या जागी बसले. जरा नाराज झाले, पण बसले. "चला रे!" म्हणून गोदाआजी निघाली आणि सगळा उतार धडाधड खाली आला. चितळीण पाडसाला चाटत सुटली. पोवळी वाजवत राहिली, खर्र, टक, खर्र, आणि खाली चुळूचुळू सुरू झालं. सगळी जनावरं पाणी पिऊन डोंगराला लागेपर्यंत तिने एकही सूर बरोबर येऊ दिला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने वाद्यामागे लपवलं. तेवढा एक फायदा थोरल्या वाद्याचा होता.

"वा!" शेजारचे महाराज म्हणाले. "सुरुवातीचं ते काय होतं कोण जाणे, पण नंतरची खडखड! आमच्या अस्वलाला असं कधी जमलं नाही."

अस्वलाने पोवळीकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

पोवळीला दुसरी शाल मिळाली. दुसरा नारळही मिळाला.

आणि आता तिच्यापुढे निराळीच पंचाईत उभी राहिली. बोटांना एकदा खरी घरं सापडली की ती चुकीच्या दारात उभी राहायला तयार होत नाहीत. वाघ समोर असो नाहीतर अस्वल, ती बरोबर जागीच पडू लागली. म्हणून पोवळी अजूनही रोज सकाळी धबधब्यामागे जाते. तिथे ती चुकायचा रियाज करते. खर्र कुठे यायला हवं, टक कुठे, सगळं घोटून घेते. चुकून एखादा सूर बरोबर लागला तर थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

कधी कधी, रियाज संपल्यावर, ती आईचं गाणं एकदाच नीट वाजवते. तेव्हा सुतारकाका वरच्या सालईच्या झाडावर येऊन बसतात आणि टकटक थांबवतात.

"छान वाजवतेस गं," ते म्हणतात. "पण खाली कोणाला ऐकवू नकोस."

चितळाचं ते पाडस आता मोठं झालंय. परवा ते आईला म्हणालं, "या पोवळीमावशी छान वाजवतात, पण मी लहान असताना त्यांनी एकदा फार बेसूर वाजवलं होतं म्हणे."

तात्पर्य: मुलांनो, सराव जरा जपून करावा. सुरात वाजवल्याने एखाद्याचा जीव जाऊ शकतो. आणि चुकायचंच असेल, तर रोज न चुकता त्याच जागी चुकावं. काही दिवसांनी त्याला परंपरा म्हणतात, आणि शाल मिळते.