फर्फरचा त्रिकोण

विल्फ ट्रँटरने स्वयंपाकघराच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा भलामोठा त्रिकोण चिकटवला, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि जाहीर केलं, "मेव्हिस, आजपासून या घरात कुणी खोटं बोलणार नाही!"

"ते ठीक आहे, पण माझ्या ओट्यासमोरच का?" त्याची बायको म्हणाली. "चहा टाकायला आता मी उडी मारून जाऊ?"

पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर विल्फ दर मंगळवारी मंत्रविद्येच्या क्लासला जाऊ लागला होता. मांत्रिकांनी भरलेल्या ग्लॅस्टनबरी गावात राहायचं म्हणजे माणूस दुसरं करणार काय! तिथे त्याला फर्फर भेटला. जुन्या पोथीतला सैतान. हरणाचं धड, पेटती शेपूट, सव्वीस पलटणींचा सरदार आणि पक्का थापाड्या! त्रिकोणात उभा केला तरच खरं बोलणार. पण क्लासच्या बाई म्हणाल्या, हल्ली सैतान बाहेरून येत नाहीत. फर्फर म्हणजे आपल्याच आत बसलेला थापाड्या, आणि त्रिकोण म्हणजे त्याला कोंडायची जागा. विल्फला हे फारच पटलं. थाप आपली, नाव सैतानाचं! इतकी सोय त्याला आजवर कुठेच मिळाली नव्हती.

कारण त्याच्या पोटात अकरा वर्षांची एक थाप होती. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीसाठी भरलेली पिशवी त्याने आत न बघता नेऊन दिली होती, आणि त्यात गेली मेव्हिसच्या आईची निळी चहाची किटली. घाबरून त्याने सांगितलं, मांजराने फोडली. मेव्हिस आठवडाभर रडली. तेव्हापासून हा अपराधी रोज सकाळी सात वाजता तिला बिछान्यात चहा नेऊन देत होता. पंधरा पायऱ्या चढून! आता गुडघे ऐकेनात. आज त्रिकोणात उभं राहून सगळं ओकायचं, शिव्या फर्फरला खाऊ द्यायच्या आणि उद्यापासून सात वाजता आपण खुशाल घोरायचं, असा बेत होता.

तो एक पाय उचलणार, तोच मागच्या दाराने एनिड गॅड आत आली. ही शेजारीण. चर्चच्या त्या विक्रीचं टेबल वर्षानुवर्षं हीच सांभाळायची.

"अगं बाई, फरशी उखडली की काय?"

विल्फला राहवेना. त्याने शेपटीसकट सगळा फर्फर तिला समजावला.

"एवढंच ना!" ताटलीतला स्कोन, मेव्हिसने भाजलेला गोडसर पाव, हातात घेऊन एनिड त्रिकोणात शिरली. "मला मेलीला कशाला खोटं बोलावं लागतंय? मेव्हिसच्या स्कोनसारखे स्कोन अख्ख्या गल्लीत..." ती अडखळली. "मेव्हिस, वीस वर्षं तुझे स्कोन मी कुत्र्याला घालतेय."

"तुझा कुत्रा तर गेला!"

"हो ना गं."

त्या गल्लीत कुणाच्याही पदार्थाला 'छान'खेरीज दुसरा शब्द आजवर लागला नव्हता. मेव्हिसचा चेहरा बीटासारखा लाल झाला. एनिडचा मात्र खुलला.

"बाई गं, काय हलकं वाटतंय! आता सांगूनच टाकते. ती तुझ्या आईची निळी किटली आहे ना..."

विल्फने गुडघे विसरून झेप घेतली आणि तिचा डावा हात धरला. उजवा मेव्हिसने धरला होता! दोघांनी मिळून तिला फरफटत बाहेर काढलं.

"एनिड, तुझे कपडे वाळत असतील ना? पाऊस येईल हं!" मेव्हिस म्हणाली.

"येते. चहा छान झाला होता," एनिड म्हणाली. चहा अजून टाकलाही नव्हता.

दार लागलं. आपण वाचलो या आनंदात विल्फला एक प्रश्न पडलाच नाही: मेव्हिसने का ओढलं?

"आता तू," कमरेवर हात ठेवून मेव्हिस म्हणाली. "वीस वर्षांची मैत्रीण घालवलीस. राहा उभा!"

विल्फ उभा राहिला. फर्फरवर ढकलायची सगळी वाक्यं पाठ होती, पण तिच्याकडे बघून एकही आठवेना. "किटली मांजराने नाही फोडली. मीच विक्रीत देऊन आलो. चुकून. तू रडत होतीस गं, मला सांगवेना."

मेव्हिसने कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "सरक." आणि त्याच्या शेजारी त्रिकोणात शिरली.

"पिशवीत ती मीच ठेवली होती. मेली गळायची रे! आईची म्हणून फेकवेना. एनिडने टेबलावर बघितली, तेव्हा तिला गप्प राहायची शपथ घातली."

"मग आठवडाभर रडलीस कशाला?"

"पहिल्या दिवशी खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तू चहा घेऊन वर आलास. म्हटलं, रडावं अजून थोडं."

अकरा वर्षं! रोज पंधरा पायऱ्या! विल्फला चिडायचं होतं, पण आधी हसूच फुटलं. मग तीही हसली. त्रिकोण अपुरा, तोल जाऊ नये म्हणून एकमेकांना धरावं लागलं. फर्फर नवरा-बायकोत प्रेम जागवतो, असंही पोथीत होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण स्वतःलाच खरं वाटलं नव्हतं.

"आणि उद्याचा चहा?" त्याने भीतभीत विचारलं.

"उद्यापासून मी आणणार! सात वाजता, बिछान्यात!" ओट्याशी जाऊन आधण ठेवत मेव्हिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. सव्वासात झाले. विल्फ छताकडे बघत चहाची वाट पाहत होता. शेजारी मेव्हिस शांतपणे घोरत होती. साडेसातला त्याला एकदम आठवलं, ते वाक्य बोलताना तिचे दोन्ही पाय कुठे होते ते.

पट्टीच्या बाहेर!

विल्फ गुडघ्यावर हात देऊन उठला आणि पायऱ्या उतरू लागला.